महाराज कुठले?

मंगळवारी सकाळी साडेदहाला माझी बहीण सुजाता रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात पडली. मंदाने आणि मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. त्या दिवशी रेस्टॉरंट उघडलं नाही.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा सुजाता होती. 'तुमच्या त्या नव्या पद्धतीच्या हॉटेलातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतील,' असं त्यांनी कळवलं होतं आणि मी होकार दिला होता. होकार मोडणं मला जमत नाही, म्हणून लिहितो आहे. दोन ओळी झाल्या की उठतो. टेबलांवरचे चमचे सरळ करतो, पाण्याचे ग्लास उजेडात धरून पाहतो, परत येऊन बसतो. ज्या माणसाने आयुष्याची बावीस वर्षं एका खुर्चीत काढली त्याला आता वीस मिनिटं बसवत नाही.

ती खुर्ची धुळ्यातल्या एका वाचनालयातली, देवघेवीच्या टेबलामागची. काम सोपं होतं. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, आणि समोरच्याला काय हवं आहे ते त्याच्या आधी ओळखायचं. पुढे वाचक कमी झाले आणि दुपारी फक्त वर्तमानपत्रं उलटण्याचा आवाज येऊ लागला. त्याच सुमारास सुजाता परत आली. पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेऊन ती सिंगापूर आणि बँकॉकच्या स्वयंपाकघरांत नऊ वर्षं राबली होती. आईच्या आजारपणासाठी म्हणून आली आणि आई गेल्यावरही थांबली. एके दिवशी वाचनालयात येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, पुस्तकं कोणी नेत नाही. माणसांना खायला घालू या."

जळगावात आम्ही जागा घेतली. बोर्डावर इंग्रजी अक्षरांत नाव लावलं, 'वाफ'. वडील दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर होते. आमचं लहानपण तिथल्या वसाहतीत, त्या मोठ्या मनोऱ्यांतून निघणारी वाफ बघण्यात गेलं. नाव तिने सुचवलं. तिचं स्वतःचं नाव वडिलांनी सुजाता का ठेवलं, ते आमच्या घरांत सांगावं लागत नाही; बुद्धाला खीर देणारी ती सुजाता. आम्ही बौद्ध आहोत.

वाफमध्ये काय मिळतं ते थोडक्यात सांगतो. जपान, थायलंड, चीन, कोरिया इकडचे पदार्थ, पण पूर्ण शाकाहारी, आणि त्यांत खानदेश मिसळलेला. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मैद्याच्या पातळ पारीत भरून वाफवलेलं. त्याला डिमसम म्हणतात. शेवभाजीच्या काळ्या रश्श्यात जपानी शेवया आणि वरून आपली तिखट शेव. कच्च्या केळ्याची थाई करी. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचे वाफवलेले पाव. सुजाता म्हणायची, "मी काही जोडत नाही भाऊ, हे आधीपासून एकमेकांचे नातेवाईक आहेत. फक्त भेट झाली नव्हती."

माझं काम बाहेरचं. ऑर्डर घेणाऱ्याला या धंद्यात कॅप्टन म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, कॅप्टन म्हणजे वही-पेन्सिल. खरं काम कार्ड कोणाच्या हातात द्यायचं इथून सुरू होतं. आपल्याकडे टेबलावर निर्णय एकाचा असतो आणि निवड दुसऱ्याची. कार्ड आजोबांच्या हातात द्यायचं, पण बोलायचं नातीकडे बघून. आजोबा पहिलं पान वाचतात, मान हलवतात, कार्ड पुढे सरकवतात. त्यांना मान मिळालेला असतो. मग नात ऑर्डर देते. हे चुकलं की जेवण कितीही चांगलं असो, टेबल रुसतं. कॅप्टनचा दुसरा नियम, ग्राहकाच्या टेबलाशी कधीही बसायचं नाही. कितीही ओळख असली तरी उभं राहायचं.

ऑर्डरची चिठ्ठी मी एका खिडकीतून आत देतो आणि पदार्थ त्याच खिडकीतून बाहेर येतो. आमचं दोघांचं दिवसभराचं बोलणं त्या दीड हाताच्या चौकटीतून व्हायचं.

गमतीजमती होत्याच. सावद्याचे एक आबा सगळं घर घेऊन आले होते. त्यांची केळीची बाग मोठी. समोर सुशी आली. म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताची गुंडाळी, आत काकडी, बाहेर समुद्री शेवाळाची पट्टी. आबांनी ती बोटाने दाबून पाहिली.

"हे गार कामून?"

"गारच खातात आबा."

"शिळं का?"

"नाही, आत्ता केलं."

"मंग गरम कर की बापा. गॅस संपला का तुमचा?"

नातवंडं हसू लागली. मग कच्च्या केळ्याची करी आली. आबांनी चमचाभर खाल्ली, थांबले, पुन्हा खाल्ली. "आमी जन्मभर केयी पिकवल्या, पन केयीचं असं कोनी केलं नाही. यासंगं पोयी दे." आमच्याकडे पोळी नव्हती. सुजाताने स्वतःच्या डब्यातल्या दोन पोळ्या गरम करून पाठवल्या. तेव्हापासून कार्डावर नाही, पण स्वयंपाकघरात पोळीची कणीक कायम भिजवलेली असते.

धुळ्याचे एक वकील कार्ड खरेदीखतासारखं वाचायचे. पाऊण तास. प्रत्येक पदार्थाचा अर्थ विचारायचे, मी सांगायचो, ते मान डोलवायचे आणि शेवटी साधा भात आणि दही मागवायचे. पाच वेळा आले. सहाव्या वेळी त्यांनी डिमसम मागवले. मी चिठ्ठी खिडकीत दिली तर आत सुजाता आणि मंदाने टाळी दिली.

मंदा म्हणजे सुजाताची मदतनीस. शिरपूरकडची, चाळिशीची, अहिराणी बोलणारी. पहिल्या दिवशी चॉपस्टिक्सचा जुडगा बघून म्हणाली होती, "अक्का, हाई काय शे? इतल्या काड्यास्मा तर मी चूल पेटाडसू." वर्षभरात पारीच्या चुण्या ती सुजातापेक्षा बारीक घालू लागली. सुजाता वयाने तिच्याएवढीच, पण मंदा तिला अक्का म्हणायची आणि तिचं बघून सगळेच म्हणू लागले.

इथपर्यंत लिहायला मला नऊ दिवस लागले. पुढचं लिहायचं नव्हतं. पण ते सोडलं तर हा लेख खोटा होईल, आणि खोटं एकदा बोलून झालं आहे.

मोठ्या शहरांतल्या अशा रेस्टॉरंटांत कार्डाच्या पहिल्या पानावर मुख्य शेफचं नाव असतं. सुजाताने पहिल्या कार्डाच्या वेळीच सांगितलं, "पहिल्या पानावर माझं नाव टाक. मोठं नको. पण पूर्ण."

पूर्ण म्हणजे आडनावासकट. सोनवणे हे आडनाव आमच्या भागात अनेक जातींत आहे. म्हणून ते सांगितलं की पुढचा प्रश्न येतोच, "कोणते सोनवणे?" बावीस वर्षं मी तो वाचनालयात ऐकला होता. पुस्तक घेताना विचारलेला प्रश्न आणि जेवताना विचारलेला प्रश्न यांत फरक असतो. पुस्तक माणूस परत करतो.

मी म्हणालो, "धंदा जरा बसू दे."

दुसऱ्या कार्डाच्या वेळी म्हणालो, "ओळख होऊ दे." तिसऱ्या वेळी म्हणालो, "पुढच्या खेपेला नक्की." तिने तिन्ही वेळा माझ्याकडे बघितलं आणि कामाला लागली. ती भांडणारी नव्हती. आमच्या घरात कोणीच नव्हतं.

मग काकाजी आले. खरं नाव लिहीत नाही, घरातली माणसं त्यांना काकाजी म्हणतात. डाळ मिल असलेलं घर. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि सुनांनी हट्ट धरला होता की दुपारचं जेवण वाफमध्येच. साठ माणसं. स्थळ बघायला यावं तसे काकाजी आधी एकटे बघायला आले. पांढरं धोतर, हातात काठी, आवाज मऊ.

"शुद्ध शाकाहारी ना?"

"पूर्ण शाकाहारी."

"कांदा-लसूण?"

"ज्यांना नको त्यांचं वेगळ्या भांड्यांत करतो."

"चांगलं." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "महाराज कुठले?"

आपल्याकडे व्यापारी घरांत, लग्नकार्यांत, भोजनालयांत स्वयंपाक करणाऱ्याला महाराज म्हणतात. 'महाराज कुठले' या प्रश्नात फक्त गाव विचारलेलं नसतं. कोणाच्या हातचं जेवतो आहोत, ते विचारलेलं असतं. धंद्यातल्या प्रत्येकाला त्याचं अपेक्षित उत्तर पाठ असतं. मला ते पाठ आहे, हे मला माहीत नव्हतं.

"राजस्थानचे," मी म्हणालो.

वाचनालयात 'पुस्तक बाहेर गेलं आहे' असं सांगायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाही लागला नाही. खिडकीच्या आत सुजाता बांबूच्या करंड्या धुऊन एकमेकींवर रचत होती. तो आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

काकाजी गेल्यावर ती खिडकीशी आली.

"भाऊ, महाराजांचं नाव काय?"

"सुजाता, अगं..."

"नाही, हाक मारायला बरं. इतके दिवस एकत्र काम करतोय आम्ही."

"हे एकदा पार पडू दे. पुढच्या कार्डावर नाव टाकतो. शब्द आहे माझा."

"टाक," ती म्हणाली. "जागा सोडून ठेव. महाराजांचंही टाकावं लागेल."

मंदा हसली नाही. एरवी ती कशावरही हसायची.

जेवणाच्या दिवशी मी सकाळपासून फिरत होतो. ओळीने लावलेल्या खुर्च्या पुन्हा लावत होतो. साठ माणसं आली. काकाजींनी पहिला घास संशयानेच घेतला. मग भरताचे डिमसम आले. त्यांनी एक फोडून पाहिला, आत बघितलं, खाल्ला आणि बायकोकडे वळले. "अगं, हे तर आपलं भरीत!" काकीजींनी त्यांच्या ताटात स्वतःच्यातला एक ठेवला. काकाजींनी तीनदा मागून घेतले. मी तीनदा खिडकीशी गेलो आणि तिन्ही वेळा सुजाताने न विचारता करंडी पुढे केली. तिला आवाज ऐकू येत होते.

त्यांच्या घरची एक रीत मला माहीत नव्हती. जेवण मनासारखं झालं की स्वयंपाक करणाऱ्याला पंगतीसमोर बोलावून शाल आणि नारळ देतात. थोरली सून मीनल ताट घेऊन उभी राहिली. हळद-कुंकू, नारळ, तपकिरी शाल. काकाजी काठी टेकत उठले. साठ माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या.

"महाराजांना बोलवा," काकाजी म्हणाले. "असं भरीत माझ्या आईनंतर आज खाल्लं."

मी खिडकीकडे बघितलं. सुजाता नॅपकिनला हात पुसत होती. डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर घाम. ती दाराकडे एक पाऊल आली. तेवढंच, एक पाऊल. आणि माझ्याकडे बघत थांबली. पुढचं पाऊल मी टाकायचं होतं. 'ही माझी बहीण' असे तीन शब्द म्हणायचे होते. या विषयावर मी शेकडो पुस्तकं वाचली होती, लोकांना वाचायला दिली होती, तळमळून त्यांच्याबद्दल बोललो होतो.

"महाराज निघाले," मी म्हणालो. "गावाकडून फोन आला. दुपारची गाडी होती."

"वाढता वाढता?"

"घरात आजारपण आहे."

"अरेरे." काकाजींना खरंच वाईट वाटलं. "मग तुम्ही घ्या त्यांच्या वतीने. पोचवा."

त्यांनी शाल माझ्या खांद्यांवर घातली. नारळ ओंजळीत ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला. मी वाकून नमस्कार केला.

आत गेलो तेव्हा सुजाताचे हात ओले होते, म्हणून तिने पालथ्या हाताने शाल चाचपून पाहिली. "ऊबदार आहे," ती म्हणाली. "महाराजांना पोचव. त्यांच्याकडे थंडी असेल."

मंदा माझ्याकडे बघत होती. "भाऊ, हाई काय करं तुमी?"

मी शाल काढून तिची घडी घातली. दुसऱ्या दिवशी सुजाताने तो नारळ फोडून करीला वापरला. वाया कशाला घालवायचा, म्हणाली. शाल मी गल्ल्याखालच्या खणात ठेवली.

त्यानंतर आठ महिने आम्ही बरोबर काम केलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एक गंमत सुरू केली. मी चिठ्ठी खिडकीत दिली की म्हणायची, "थांबा, महाराजांना विचारते." कोणी जास्त तिखट मागितलं की, "महाराज रागावतील हं." सगळे हसायचे. मीही हसायचो. चौथं कार्ड छापायची वेळ आली होती. पावसाळा होऊ दे, मी म्हणालो. पावसाळ्यात तो मंगळवार आला.

पंधरा दिवस वाफ बंद होतं. मी कुलूप उघडून आत जायचो, फिरायचो, कुलूप लावून परत यायचो. वाचायला घेतलेलं पुस्तक दुसऱ्या पानापुढे जात नव्हतं. सोळाव्या दिवशी मंदा दारात उभी. "अक्कानी माले बठ्ठं शिकाडेल शे," ती म्हणाली. "उघाडा, भाऊ. तुमी हिंडी हिंडी मरशात नही तर." मी उघडलं.

महिन्याभराने काकाजी आले. बरोबर मीनल. दोघांनी भरताचे डिमसम मागवले. मी टेबलापासून थोडा लांब उभा राहिलो. काकाजींनी एक खाल्ला, सावकाश चावला.

"चांगले आहेत," ते म्हणाले. "पण हात वेगळा आहे. महाराज बदलले का?"

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ग्राहकाच्या टेबलाशी बसलो.

"काकाजी, महाराज नव्हतेच. तुम्ही जेवलात ते माझ्या बहिणीच्या हातचं. सुजाता सोनवणे. शाल द्यायला तुम्ही उठलात तेव्हा ती त्या दाराच्या आत उभी होती. मी खोटं बोललो. दीड महिन्यापूर्वी ती वारली."

काकाजींनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलंच. सवयीने विचारलं असावं.

"कोणते सोनवणे?"

"बौद्ध."

मीनलने त्यांच्याकडे पाहिलं. "काकाजी..."

त्यांनी तिला हाताने थांबवलं. "मला बोलू दे. तुम्ही खरं बोललात, मीही खरं बोलतो. त्या दिवशी तुम्ही तिला बाहेर आणलं असतं तर मी शाल दिली नसती. जेवून झालं होतं, ताटावरून उठण्याचा प्रश्न नव्हता. पण शाल दिली नसती. सत्तर-पंचाहत्तर वर्षांची सवय आहे, एका घासाने जात नाही."

मी उठलो, खणातून शाल आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "मग ही घेऊन जा. ज्यांना दिली ते महाराज कधी नव्हते."

"दिलेली वस्तू आम्ही परत घेत नाही," ते म्हणाले. काठी घेऊन उठले. ताटात दोन डिमसम शिल्लक होते. दारात थांबून त्यांनी मागे पाहिलं. गाडीत जाऊन बसले.

मीनल उठली नाही. तिने उरलेले दोन डिमसम खाल्ले. मग म्हणाली, "फोटो आहे त्यांचा?" मी मोबाइलवर दाखवला. टोपी घातलेली सुजाता, मागे करंड्यांची चळत, डोळे बारीक केलेले कारण वाफ अंगावर येत होती. मीनलने तो बराच वेळ पाहिला. "मी ताट घेऊन उभी होते," ती म्हणाली. "खिडकीतून मला या दिसल्या होत्या. मला वाटलं, मदतनीस असतील."

तिला दोष देत नाही. तसं वाटावं अशी व्यवस्था मीच केली होती.

काकाजी त्यानंतर आले नाहीत. मीनल मुलांना घेऊन येते.

चौथं कार्ड छापून आलं आहे. पहिल्या पानावर सुजाता सोनवणे असं नाव आहे, पूर्ण, आणि त्याखाली मंदा पावरा. मंदाने ते तीनदा बोट फिरवून वाचलं आणि एक कार्ड गावी नेलं. आजोबा अजूनही पहिलं पान वाचूनच कार्ड पुढे सरकवतात. काही जण पान वाचून पाणी पितात आणि उठून जातात. मी त्यांच्यासाठी दार उघडतो. स्वयंपाक कोण करतं, असं कोणी विचारलं तर नावं सांगतो, आणि कोणते सोनवणे असं विचारलं तर तेही सांगतो. सुजाता असताना हे सांगायला मला तेवढाच वेळ लागला असता.

खिडकीत आता मंदा असते. ऑर्डर मी घेतो. शाल खणात आहे.